साडूचा सल्लागार

माझा साडू सुधीर इथं जर्मनीतच, कार्ल्सरूहेला राहतो आणि मला तो बघवत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवणार नाही. दिसायला बरा, बोलायला गोड, युनिव्हर्सिटीत सहा वर्षं पीएचडीच चाललीय, पगार माझ्या निम्म्यानंही नाही, आणि तरी सासरी सगळं कौतुक त्याचं. हे सगळं मी गिळलं असतं हो. पण यंदा त्यानं माझे सासरे पळवले.

पळवले हाच शब्द बरोबर आहे. नंदिनी, म्हणजे माझी बायको, म्हणते की बाबा स्वतःच्या पायांनी गेले. असेल. पण पायांना वाट कुणी दाखवली?

तर झालं असं. आमच्या फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नच्या ऑफिसात फॅन्टसी बेसबॉलची लीग आहे. एका अमेरिकन मॅनेजरनं सुरू केली. तो गेला टेक्सासला परत आणि लीग राहिली आमच्या गळ्यात. प्रकार असा की खरे खेळाडू अमेरिकेत खेळतात. आपण मार्चमध्ये पाळीपाळीनं त्यांची वाटणी करून घेतो आणि प्रत्येकाची कागदावर एक टीम होते. त्यांनी तिकडं जे दिवे लावले त्याचे गुण इकडं आपल्याला. दर आठवड्याला एकाची दुसऱ्याशी लढत. रोज एवढंच ठरवायचं की आज कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण डोक्याचा पार भुगा होतो.

दहा टीम लागतात. यंदा एक गडी कमी पडत होता, म्हणून मीच सुधीरला घेतलं. हो, मीच. हातानं ओढवून घेतलं. मनात म्हटलं, येईल बापडा दहावा, कुणीतरी शेवटचा हवाच की. कारण यंदा मला पहिलं यायचं होतं. गेली दोन वर्षं मी दुसरा आलो होतो, आणि दुसरा आलेल्या माणसाकडं लोक कसे बघतात ते फक्त दुसऱ्या आलेल्या माणसालाच कळतं.

म्हणून मी एक आबो घेतला. म्हणजे वर्गणी. इथं जिमपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळ्याचा आबो असतो, तसा हा तज्ज्ञाच्या सल्ल्याचा. ओहायोत ब्रॅड नावाचा एक माणूस आहे. सीझनचे दोनशे चाळीस डॉलर भरले की तो रोज याद्या पाठवतो आणि आठवड्यातून एकदा तुमच्या प्रश्नाला खास उत्तर देतो. नंदिनी म्हणाली, "एवढ्यात नवा मिक्सर आला असता." मी म्हटलं, "मिक्सर पहिला नंबर आणून देत नाही."

एप्रिलच्या मध्यावर सासरे आले. नव्वद दिवसांचा व्हिसा. सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, पुण्यात एकटेच असतात. नाव राजाभाऊ, आम्ही बाबा म्हणतो. एसटीत होते, स्वारगेटला. एकतीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरच्या ड्युट्या लावल्या. कुठला ड्रायव्हर महाबळेश्वरला पाठवायचा, कुणाला विश्रांती द्यायची, कुणाच्या घरी आजारपण आहे म्हणून त्याला जवळची फेरी द्यायची, सगळं त्यांच्या डोक्यात.

इथं त्यांना करायला काही नव्हतं. आम्ही दोघं कामावर, लेक अन्वी शाळेत. ती अकरा वर्षांची, आजोबांचं सगळं कळतं पण उत्तरं जर्मनमध्ये देते. बाबा एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनपर्यंत चालत जायचे, गाड्या वेळेवर येतात का ते बघायचे, आणि परत येऊन सांगायचे, "आज पण आठ मिनिटं लेट. आम्हाला हे जर्मनीचं उदाहरण देत होते हो!" मग माझ्या खुर्चीमागं चहाचा कप घेऊन उभे राहायचे.

पाठीमागं उभं राहून कुणी स्क्रीनकडं बघितलं की माझं टाळकं सरकतं. पण सासरे पडले.

एक दिवस म्हणाले, "पद्माकरराव, हा होलब्रूक काय काम करतो?"

"कॅचर आहे, बाबा. बॉल टाकणारा टाकतो, हा समोर बसून पकडतो."

"बसून म्हणजे उकिडवा?"

"हो."

"तीन तास?" त्यांनी चष्मा वर केला. "आणि हे आकडे बघितलेत का? सतरा दिवस सलग उभा आहे हा मनुष्य. म्हणजे उकिडवा. काल डेन्व्हर, आज अटलांटा. आज बसवा त्याला. अशा माणसाला मी घाटात पाठवत नव्हतो."

मी म्हटलं, "हो बाबा, बघतो." आणि ब्रॅडनं यादीत वर ठेवला होता म्हणून होलब्रूकला खेळवला. चार वेळा बॅट हातात घेतली, चारही वेळा बाद. सकाळी न्याहारीला अन्वीनं माझा फोन बघितला आणि जर्मनमध्ये म्हणाली की आजोबांचं बरोबर होतं. बाबांनी तिच्या बशीत आणखी उपमा वाढला. "मी म्हणत नव्हतो का" हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्याचा मला जास्तच राग यायचा.

असं एकदा झालं असतं तर योगायोग म्हटलं असतं. दर दोन दिवसांनी व्हायचं. ह्या पिचरचा खांदा दुखतोय, चेंडू सोडल्यावर हात झटकतो बघा. ह्याला नुकतं मूल झालंय, झोप नसणार. हा आपल्या गावी खेळताना बरा खेळतो, हा बाहेरगावी. मी मान हलवायचो आणि ब्रॅडचं ऐकायचो. का? तर ब्रॅडला मी दोनशे चाळीस डॉलर मोजले होते, आणि बाबा उपम्याबरोबर फुकट सांगत होते. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, त्यातली गत. शेवटी एकदा चिडून बोललोच, "बाबा, हे ब्रॅडचं प्रोफेशनल काम आहे. त्यात एसटीचं चालत नाही."

बाबा म्हणाले, "बरोबर आहे." आणि कप विसळायला आत गेले.

ब्रॅडचं प्रोफेशनल काम काय होतं ते मला मेमध्ये कळलं. ऑफिसातल्या मल्हारनंही तोच आबो घेतला होता, आणखी दोघांनीही. ब्रॅडचं गुपित चार हजार लोकांना ठाऊक! वाटणीत उरलेले खेळाडू सोमवारी सकाळी नऊला घेता यायचे, तेव्हा आम्ही चौघं एकाच खेळाडूवर तुटून पडायचो, नळावर भांडतात तसे. तरी मी दुसरा होतो. दुसरा, परत.

मग आला अधिक महिना. जावयांचा मान. बाबांनी पुण्याहून येतानाच दोघा जावयांसाठी तेहतीस-तेहतीस अनारसे आणि चांदीचं एकेक निरांजन आणलं होतं. मेअखेरच्या रविवारी सुधीर आणि वसुधा, म्हणजे माझी मेव्हणी, एश्बॉर्नला आले. नंदिनीनं पुरणाचे धोंडे केले, आम्हाला शेजारी शेजारी बसवलं, ओवाळलं. मी निरांजन हातात घेऊन हळूच तोलून बघितलं. सुधीरचं आणि माझं सारखंच होतं. थोरल्याचं जरासं मोठं असायला काय हरकत होती, तुम्हीच सांगा.

जेवणं झाली. सुधीर लीगमध्ये दहावा होता, अगदी ठरल्याप्रमाणं. तो बाल्कनीत बाबांजवळ बसला आणि विचारायला लागला. "बाबा, ह्याला का बसवू? किती दिवस बसवू? परत कधी घेऊ?" आणि खिशातून कागद काढून लिहून घेत होता. मला हसू आलं. जाताना तो म्हणाला, "बाबा, आठ दिवस आमच्याकडं चला की." बाबांनी माझ्याकडं बघितलं.

मी काय म्हणालो असेन? "जा की बाबा, तेवढाच बदल." खरं सांगतो, मला हायसं वाटलं. पाठीमागची चहाची फुरफुर बंद होणार होती.

आठाचे पंधरा झाले, पंधराचे एकवीस. आणि सुधीर दहाव्यावरून आठवा झाला, आठव्यावरून पाचवा. जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यानं मल्हारला असा धुतला की मल्हार माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "आल्झो, म्हणजे सांग तरी, तुझ्या साडूनं कुठला एक्स्पर्ट गाठलाय? कितीला पडतो?" मी म्हटलं, "मला काय माहीत." माहीत होतं. जो माणूस सहा आठवडे माझ्या खुर्चीमागं उभा होता, त्याच्या जिवावर हा पीएचडीवाला चढत होता. आणि मी त्याला दहावा यायला घेतला होता!

जुलै उजाडला तेव्हा मी पहिला होतो आणि सुधीर दुसरा, एका विजयाच्या फरकानं. सीझनची दोन सत्रं, दोन्हींना वेगळा पहिला नंबर; त्यातल्या पहिल्या सत्राचा शेवटचा आठवडा, आणि लढत कुणाची? त्याची आणि माझी.

त्यात नंदिनीनं एक बातमी दिली. वसुधाशी फोनवर बोलून आली आणि हसत म्हणाली, "तुला माहीतय का, सुधीर बाबांना फी देतो. आठवड्याला चाळीस युरो. पाकिटात घालून, शुक्रवारी."

"काय?" मी ओरडलोच. "जावयाकडून पैसे? आणि बाबांनी घेतले? लोक काय म्हणतील!"

"पहिल्यांदा नाहीच म्हणाले. सुधीर म्हणाला, जावई म्हणून देत नाही, टीमचा मालक म्हणून देतोय, फुकट काम मी कुणाकडून करून घेत नाही. आता बाबा सकाळी सातला दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालून बसतात म्हणे. बाई गं, किती वर्षांनी!"

ती डोळे पुसत होती आणि मी मनात आकडेमोड करत होतो. चाळीस? एवढंच? मी पन्नास दिले असते. साठ! कुणी मला सांगितलं का की बाबांना फी द्यायची सोय आहे म्हणून?

शनिवारी सकाळी मी निघालो. नंदिनीला सांगितलं, "बाबांना घेऊन येतो. विमान फ्रँकफुर्टहून आहे, शेवटचे दहा दिवस आपल्याकडं राहूदेत." ती खूश झाली, त्यांच्या खोलीतली चादर बदलायला लागली. मला खोलीचं काय पडलं होतं! मला बाबा सोमवारच्या आत सुधीरच्या घरातून बाहेर हवे होते.

मानहाइमला गाडी चाळीस मिनिटं अडकून पडली. कार्ल्सरूहेला सुधीरच्या दोन खोल्यांच्या घरात पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. बाबा टेबलाशी बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पेन, समोर रेघा मारलेली मोठी वही, तारखांखाली तारखा, खेळाडूंच्या नावांपुढं खुणा. ड्युटीचा तक्ताच होता तो. शेजारी सुधीरनं लेखी दिलेले प्रश्न, एकाखाली एक. मला बघून ते उठले नाहीत. नेहमी उठतात.

"या या, पद्माकरराव. पाच मिनिटं बसा, एवढं सुधीरचं संपवतो."

मी बसलो. वीस मिनिटं बसलो. सुधीर शेजारी उभा राहून ऐकत होता आणि मधूनमधून "गेनाऊ, बाबा, बरोबर" म्हणत होता. मला त्याच्या पाठीत गुद्दा घालावासा वाटत होता.

वही मिटल्यावर मी म्हटलं, "बाबा, मी न्यायला आलोय. नंदिनी वाट बघतेय."

"येणार की. बारा तारखेला रविवारी येतो. तोवर इथलं संपतंय."

"आजच चला ना. तिथं बसून करा. मी पन्नास देतो."

वसुधा चहा घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली. बाबांना आधी कळलंच नसावं. मग हसले.

"अहो, तुमच्याकडून कसे घेऊ? तुम्ही जावई."

"आणि सुधीर कोण?"

"सुधीरकडं मी कामाला आहे."

काय सांगू तुम्हाला, थोबाडीत बसावी तसं झालं मला. मी आवाज खाली आणून म्हटलं, "बरं, पैसे राहूदेत. एवढंच सांगा, सोमवारपासून माझ्या टीममधल्या कुणाला बसवू?"

"तुमची लढत सुधीरशी आहे ना?" बाबांनी मान हलवली. "नाही सांगता येणार. त्याचं मीठ खातोय मी. खाल्ल्या मिठाला जागायला नको का?"

आणि मग मी ते बोललो. कुणी बोलायला लावलं नव्हतं. नुसती जळजळ होती, तीच बोलली.

"माझ्याकडं सहा आठवडे जेवलात, ते काय अळणी होतं?"

वसुधा म्हणाली, "भावोजी!" सुधीरचा चेहरा पडला. त्याला आनंद व्हायला हवा होता, नाही का? तो जमिनीकडं बघत राहिला. बाबा सावकाश उठले, आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, सामान बांधायला गेले असतील, रागावून का होईना. पाच पाकिटं घेऊन बाहेर आले. सगळी बंद. एकही फोडलेलं नव्हतं. माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"दोनशे आहेत. सहा आठवड्यांचे होतात का बघा. कमी असले तर सांगा."

"बाबा, माझ्या तोंडून चुकून..."

"चुकून कशाला, बरोबर बोललात." आवाजात राग नव्हता, हेच तर वाईट. "आमच्या घरात बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसे. मी सहा आठवडे तुमच्या ताटात जेवलो. रोज मनाला लागायचं. द्यायला हातात काही नव्हतं, पेन्शन इथं किती पुरणार? म्हणून जे मला येतं ते सांगत होतो. म्हटलं, तेवढंच फिटेल. तुम्हाला ते नको होतं."

मी पाकिटं त्यांच्याकडं परत सरकवली.

"आता ही माझी कमाई आहे. घ्या, संकोच करू नका. मलाच मोकळं वाटेल." त्यांनी पाकिटं उचलून माझ्या जॅकेटच्या खिशात घातली, वरून थोपटली, आणि वही पुढं ओढली. "सुधीर, बुधवारचं राहिलं बघ. तो डावखुरा."

वसुधानं चहा ठेवला होता. मी तो न पिताच निघालो. सुधीर स्टेशनच्या ट्रामपर्यंत सोडायला आला. ट्राम दिसल्यावर म्हणाला, "शेवटचा आठवडा आहे, मी टीम लावतच नाही. तू घे पहिला नंबर. बाबांना सांगू नको." मला तो नंबर हवा होता. खरंच हवा होता, त्या क्षणीसुद्धा. मी म्हटलं, "खेळ तू." आणि त्याचाही राग आला मला, की एवढं चांगलं वागायची संधीही ह्यानंच घेतली.

फलाटावर नंदिनीचा फोन आला. "बसलात का गाडीत? बाबांना आत घे आधी, खिडकीशी बसव, त्यांना बाहेर बघायला आवडतं."

"नाही येत ते."

"का? वसूनं ठेवून घेतलं का?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

गाडी येत होती. मी म्हटलं, "आपल्याकडचं देणं फिटलं म्हणाले."

ती म्हणाली, "बाबांचं? आपल्याकडं? कसलं देणं?"

दारं उघडली, लोक चढले. माझा एक हात खिशात होता, पाकिटांवर, आणि नंदिनी पलीकडून विचारत होती, "अरे, बोल ना, कसलं देणं?"